मास्तरांची ओळ

रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून कॉम्प्युटरची खोली होती आणि तिथे मास्तरांनी पंचवीस वर्षं काढली. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. दिसेल त्याला धरून समजावत बसायची खोड होती, म्हणून मास्तर.

त्यांचा जीव प्रॉम्प्टवर. प्रॉम्प्ट म्हणजे काळ्या पडद्यावरची ती ओळ, जिच्यापुढे कमांड टाइप करायची आणि एंटर दाबायचं. एरवी ती सगळ्या मशीनवर सारखीच दिसते, आणि आपण कुठल्या मशीनवर आहोत हे विसरून भलेभले भलतीकडे घोळ घालून ठेवतात. म्हणून मास्तरांनी ती हौसेनं सजवली होती. चाचणीच्या मशीनवर हिरव्या अक्षरांत 'सराव', पेशंटांचे रिपोर्ट असलेल्या मशीनवर लालभडक 'खरे'. "आता अत्तर तेवढं लावायचं राहिलंय," असं साहेब म्हणायचे. मास्तर ढिम्म.

ताई त्यांच्या हाताखाली आली ती पस्तिशीत, टायपिस्टची नोकरी सोडून, दोन मुलं पदरात घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं, "ताई, डोक्यावर विसंबू नका. एंटर दाबायच्या आधी ओळ वाचा." तिनं ते कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं. दर सोमवारी सरावाचं मशीन पुसून कोरं करायचं काम तिच्याकडे होतं. सहा वर्षांत एक चूक झाली नाही.

मग एका शनिवारी रिपोर्टांसाठी नवं मशीन आलं. सगळं त्यावर हलवून झालं आणि नवं विकणाऱ्या कंपनीचे लोक जुनं मशीन, त्यातल्या राखीव प्रतीसकट, घेऊन गेले. नवी राखीव प्रत सोमवारी संध्याकाळी निघायची होती. आपल्या ओळीची फाइल मास्तरांनी सरावाच्या मशीनवरून उचलून नव्यावर टाकली. त्यातलं नाव आणि रंग तेवढा बदलायचा बाकी होता, तोच घरून फोन आला. बायको न्हाणीघरात कोसळली होती. मास्तर तसेच उठून पळाले.

सोमवारी ताईपुढच्या पडद्यावर दोन्ही मशीनच्या खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या खिडकीतली ओळ तिनं वाचली. हिरवी. 'सराव'. वाचली आणि पुसून टाकलं.

सात वर्षांचे रिपोर्ट गेले. वर तपासणीला रांग लागली होती आणि कुणाच्या पोटातली गाठ गेल्या वर्षी केवढी होती, हे डॉक्टरांना कळायला मार्ग उरला नव्हता.

वर वॉर्डात बायकोपाशी बसलेले मास्तर धावत खाली आले. नव्या मशीनवर ओळ अजून हिरवीच होती. चूक दिसली की दुरुस्त करायची, ही हाताची सवय. विचार करायच्या आत त्यांनी ती लाल करून टाकली. लपवायचं तेव्हा मनात नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. पुढचं म्हणवत नाही.

चौकशीला साहेब आले. ताई म्हणाली, "मी वाचलं होतं साहेब. हिरवं होतं. सराव लिहिलं होतं."

"दाखवा."

तिनं खिडकी उघडली. लालभडक 'खरे'.

"मास्तर, तुम्ही सांगा ना. मी वाचल्याशिवाय कधी दाबते का?"

फाइल केव्हा बदलली, हे मशीनलाच विचारता येतं. घाबरलेल्या ताईला ते सुचलं नाही, आणि ज्यांना सुचलं ते गप्प होते. दोन मजले वर त्यांची बायको नळ्यांत गुंतून पडली होती, कर्मचाऱ्याची बायको म्हणून मिळालेल्या फुकट खाटेवर. नोकरी गेली की खाट गेली.

"घाईत राहिलं असेल त्यांचं वाचायचं," मास्तर म्हणाले. "होतं असं."

ताई भांडली नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "मग मलाच भास झाला असेल." मास्तर खोटं बोलतील यापेक्षा आपले डोळे खोटे, हे तिला सोपं गेलं. तिनं कडेचा कागद सोडवला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि नोकरी सोडून गेली.

पाचव्या महिन्यात बायकोही गेली. आता बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. मास्तर बोलले नाहीत. फक्त आपल्या खात्यावरची ओळ त्यांनी पुन्हा बदलली. रंग काढले आणि लिहिलं, 'ती खरं बोलत होती'. दिवसातून दोन-तीनशे वेळा ते वाचायचं आणि एंटर दाबायचं, अशी चार वर्षं काढली. त्यांच्याशिवाय कुणाला ती ओळ दिसत नव्हती, म्हणून तर तेवढं धाडस झालं होतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या जागी येणारा चाळिशीचा गृहस्थ शेजारी खुर्ची घेऊन बसला. कामं समजावता समजावता मास्तरांनी सवयीनं आपलंच खातं उघडलं.

"मास्तर, हे काय लिहिलंय? कोण ती?"

भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं घरघरत होती. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, आणि तो माणूस उत्तरासाठी थांबलाही होता.

"जुनं राहून गेलंय," ते म्हणाले. "काढून टाका."

त्यानं काढून टाकलं.