पासवर्डातले राव

भिंगारहून तिसगावच्या पुढच्या एका गावात मी बायकांना कॉम्प्युटर शिकवायला जायचो. साधी गोष्ट साधेपणाने सांगणं मला जमत नाही. माऊस म्हणजे माऊस, एवढ्यावर भागलं असतं. मी त्यावर अख्खी दुपार घालवली. पासवर्ड शिकवायच्या दिवशी तर मला फारच सुचलं. समाजमंदिरातल्या जुन्या कॉम्प्युटरांपुढे हात पसरून मी म्हणालो, “पासवर्ड म्हणजे असा शब्द, जो जन्मात विसरणार नाही आणि जीव गेला तरी ओठांवर आणणार नाही.”

मग एकेक पदर तोंडाकडे गेला आणि सगळ्याजणी हसायला लागल्या.

“सर, असा शबूद तर एकच हाय,” वर्गातली सगळ्यात वयस्कर काकू म्हणाली.

“मग तोच टाका!”

कीबोर्ड खडखडले. माझं शिकवणं इतक्या पटकन कुणाच्या डोक्यात शिरलेलं मी पाहिलं नव्हतं. शंका यायला हवी होती. आली नाही. उलट घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज वर्ग फार छान झाला.

परीक्षेला नगरहून एक मॅडम आल्या. एकीसाठी ही परीक्षा नुसती परीक्षा नव्हती. दिवाळी झाली की ती दरवर्षी मुलीला नणंदेकडे ठेवून नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. पास झालीस तर दाखले काढायच्या कामावर घेऊ, असं ग्रामपंचायतीने तिला सांगितलं होतं. म्हणजे यंदा मुलीला सोडून जायची गरज नव्हती. आणि नेमका तिचाच कॉम्प्युटर उघडेना. ती पासवर्ड टाकायची, पडद्यावर ‘चूक’ असं यायचं, पुन्हा टाकायची, पुन्हा तेच.

मॅडम घड्याळ बघायला लागल्या. त्यांना पुढे पाथर्डीला जायचं होतं.

“काय टाकलंय? सांगा, मी टाकतो,” मी म्हणालो.

ती फरशीकडे बघत राहिली.

“विसरलात?”

“न्हाई.”

“मग सांगा की!”

“सांगता येत न्हाई. तुमीच म्हनला हुता, जीव गेला तरी…”

“अहो, आता मीच विचारतोय ना!”

“लई भोळे हाय सर तुमी,” तिची शेजारीण म्हणाली. मला काही कळेना. मग काकू मदतीला आली. “सर, वळखा. दिस उगवल्यापासनं आमी ज्याचं समदं करतो, आन तो ढिम्म बसून ऱ्हातो?”

“बैल!” मी म्हणालो.

हशा पिकला. मला वाटलं, बरोबर ओळखलं. इंग्रजीत बैल टाइप केला. चूक. मग वाटलं, हिने एखादं अक्षर जास्त घातलं असेल. तसाही टाकला.

“आवं बैल न्हाई! रोज ज्याला भाकरी बांधून देतो त्यो!”

“गडी?”

“गडी ठेवाया आमी काय बागाईतदार हाय व्हय?”

मॅडमनी फाइल तोंडापुढे धरली होती. फाइल हलत होती. “सर,” त्या म्हणाल्या, “तुमची बायको तुम्हाला काय म्हणून हाक मारते?”

“अहो.”

“मग?”

मी ‘अहो’ टाइप केलं.

ह्यावर काकूने कपाळाला हात लावला. “घे बाये, नाव घे. त्याबिगर या मानसाच्या डोक्यात उजेड पडायचा न्हाई.”

तेव्हा कुठे मला उमगलं. अख्ख्या वर्गाने पासवर्ड म्हणून आपापला नवरा टाकला होता. ती बिचारी उठली, पदर सावरला आणि कॉम्प्युटरकडे बघत तिने उखाणा घेतला:

“उसाच्या फडात कोयता चालतो सपासप,
…रावांचं नाव घेते, उघड आता झटपट!”

मी नाव टाकलं. चूक.

“राव पन हाय त्यात,” ती पुटपुटली. “नुसतं नाव कसं लिवायचं?”

राव टाकले. तरी चूक. शेवटी मॅडमनी वाकून एक बटण दाबलं. सकाळी मीच त्याच कॉम्प्युटरवर त्यांच्या स्वागताची पाटी मोठ्या इंग्रजी अक्षरांत टाइप केली होती आणि ते कॅप्स लॉकचं बटण तसंच चालू ठेवलं होतं. पडद्यावर खाली बारीक अक्षरांत तसं लिहूनही येत होतं, पण मी बैलाच्या स्पेलिंगमध्ये अडकलो होतो.

मी पुन्हा राव टाकले आणि कॉम्प्युटर उघडला. तेवढ्यात दारात तिचा नवरा. तिला न्यायला आला होता, बाहेर थांबला होता. “मला बोलावलं का कुनी?” त्याने विचारलं. सगळा वर्ग पुन्हा हसायला लागला.

तिने मात्र मान वर केली नाही. रहिवासी दाखल्याचा मसुदा टाइप करायचा होता. एका बोटाने, ओठ हलवत, तिने तो केला. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, “पास.”

मी धावत जाऊन नवऱ्याचं अभिनंदन केलं. तो विचारात पडला. “मंग आता मी अर्धाच का?”

मी पुन्हा बुचकळ्यात. काकूने समजावलं: तोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम लवकर घेत नाही.

“मंग नका जाऊ,” ती म्हणाली. “हितंच रोजानं काम बघा. आन पोरीची येनी घालाया शिका. मला सकाळी हापिस ऱ्हाईल.”

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. रागावला होता, खूश होता की घाबरला होता, मला आजही सांगता येणार नाही. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, “सर, येनी पन तुमीच शिकिवता का?”

मी हो म्हणालो. मला वेणी येत नाही.