सायमनचा कच्चा गडी

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी जुन्या फ्रिजच्या भावावरून भांडत होतो. आवाज चढलेलाच होता, त्याच आवाजात मी "कोण?" म्हणून ओरडलो. पलीकडून, खूप लांबून, बाईचा आवाज आला, "दत्ताकाका, मी रिबेका. बाबा गेले." मी गिऱ्हाइकाला हाताने थांबायला सांगितलं. रिबेका म्हणजे सायमनची मुलगी, परदेशातून बोलत होती... गिऱ्हाइकाने सांगितलेल्या भावात मी तो फ्रिज देऊन टाकला. पनवेलच्या बाजारात मला ओळखणाऱ्यांना यावरूनच कळेल, मला काय झालं होतं ते.

सायमन वाडगावकर हा आमच्या पनवेलचा. त्याचं घराणं इथल्या इस्राएली लोकांपैकी, घरात मराठी, जेवणात नारळाचं दूध, आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे कामधंदा बंद ठेवायचा दिवस. तो सरकारी कचेरीत नोकरीला होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी जवळच्या गव्हाण गावचा. शाळा आठवीत सुटली. करंजा बंदरावरून सुकी मासळी आणून टोपलीतून दारोदार विकली, मग त्याच दारांतून मोडके पंखे आणि इस्त्र्या विकत घेऊ लागलो, दुरुस्त करून विकू लागलो, आणि अशा रीतीने जुन्या मालाचं दुकान उभं राहिलं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. आमच्या भांडणाचं मूळ इथे आहे, म्हणून सांगतो.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. बोटीवर नोकरी करणाऱ्या एकाच्या घरून माझ्याकडे परदेशी व्हिडिओ गेमचा सेट आला. सोबत एकच कॅसेट, तिचंही वरचं चित्र फाटलेलं. आमच्या टीव्हीवर ते काळं-पांढरंच दिसायचं. इतर गेममध्ये गाड्या नाहीतर गोळीबार असतो. यात एक लहानसा माणूस गावातून निघायचा, आणि पडद्यावर सगळं इंग्रजी लिहून यायचं. मला काही कळेना. सायमन त्या दिवशी इस्त्री घ्यायला आला होता आणि तासभर माझ्याशी घासाघीस करत होता. सहज पडद्याकडे बघून म्हणाला, "अरे, हा म्हातारा त्याला सांगतोय, काळ्या राजाने सात किल्ले बळकावलेत, जा आणि सोडव."

"तुम्हाला येतं वाचता?"

"इस्त्रीचा भाव उतरव, रोज येऊन वाचून दाखवतो."

मी उतरवला. आयुष्यात केलेला हा माझा सगळ्यांत चांगला सौदा, असं आज वाटतं.

मग तो कचेरी सुटली की यायचा. आम्ही त्या माणसाला 'गडी' म्हणायचो. ज्यांनी असा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गडी चालताना वाटेत किडे, लांडगे, भुतं आडवी येतात. पडद्यावर दोन शब्द उमटतात, लढ आणि पळ. मारलं की गड्याला गुण मिळतात, गुण साठले की त्याची लेव्हल वाढते, म्हणजे अंगात ताकद येते. पुढच्या किल्ल्यात ताकदीचे शत्रू असतात. सायमन कच्च्या गड्यालाच घेऊन पुढे घुसायचा. कुठला शत्रू कशाला भितो, कुठे औषधाचा पाला खायचा, कुठून वळसा घालायचा, हे सगळं डोक्यात. गडी मरायचा, सायमन हसायचा, पुन्हा सुरुवात. 'पळ'सुद्धा तो खुशाल दाबायचा. मी कधी दाबलं नाही. पळणं माझ्या स्वभावात नाही.

असे आम्ही सहा किल्ले घेतले. सातव्यात अडकलो. काळा राजा गड्याला दोन फटक्यांत आडवा करायचा. महिने गेले. सायमनला त्याचीच मजा वाटायची, आणि मला रोज हरून दुकान बंद करायचं म्हणजे अंगाचा तिळपापड व्हायचा.

शनिवारी सूर्य मावळून चांदण्या दिसेपर्यंत सायमन विजेच्या बटणाला हात लावत नसे. त्याच्या समाजात सगळेच इतकं पाळत नसत, पण आईने लावलेली शिस्त त्याने मोडली नव्हती. तेव्हा शनिवारचा दिवस गडी रिकामाच असायचा. एका शनिवारी सकाळी मी गड्याला थेट पहिल्या गावाबाहेर नेला. तिथे सगळ्यांत क्षुद्र किडे. एक मारला की किंचितसे गुण. मी मारत सुटलो. गल्ल्याखाली डावा अंगठा बटणावर, आणि तोंडाने गिऱ्हाइकाशी भाव. असे कित्येक शनिवार केले, सायमनला पत्ता लागू न देता. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी तो चांदण्या बघून आला, बसला, आणि मी त्याच्यासमोर काळ्या राजाला चार फटक्यांत लोळवला. पडद्यावर फटाके उडाले. मी वळून सायमनकडे पाहिलं. तो फटाके बघतच नव्हता, कोपऱ्यातला लेव्हलचा आकडा बघत होता.

"हा इतका मोठा कसा झाला?"

"वाढवला. गावाबाहेरचे किडे मारून."

"कधी?"

"शनिवारी."

"म्हणजे मी नसताना." तो उठला. "दत्ताशेठ, ही चीटिंग आहे."

माझं डोकं तडकलं, आणि डोकं तडकलं की माझ्या तोंडी गव्हाण येतं. "चीटिंग कशी वो? किडे त्यांचेच हाय ना? नियमबी त्यांचाच. मी काय सेट खोलून तारा जोडल्या?"

"नियम नाही मोडलास. पेपर सोपा करून घेतलास. ताकद इतकी वाढवलीस की डोकं चालवायचं कामच उरलं नाही. मग तो राजा कशाला हवा होता? एखादा मोठा किडाच मारायचास."

"आणि मी येवढे शनिवार अंगठा झिजवला, त्याचं काय नाय?"

"झिजवलास. पण जिंकला नाहीस."

चपला घालून तो निघून गेला.

बाजारात माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक होतं. हा लबाडीने वर आला, लोकांच्या अडचणीत माल उचलतो. सायमन तसं कधी बोलला नव्हता. पण मी वर आलो तो कसा? मासळीच्या एकेका वाट्यावर, एकेका इस्त्रीवर, ज्या व्यवहाराकडे मोठे व्यापारी बघतही नव्हते ते करत करत. गावाबाहेरचे किडे मारण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्याकडे सायमनसारखं डोकं नव्हतं, शिक्षण नव्हतं, चिकाटी होती. तीच जर चीटिंग, तर मग माझं खरं काय उरलं?... हे त्याला तेव्हा बोललो नाही. बोलायला हवं होतं असंही मला वाटत नाही. इतकं त्याला समजायला हवं होतं.

काही आठवडे तो फिरकला नाही. मग एका संध्याकाळी आला आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणाला, "कॅसेटमध्ये दुसऱ्या गड्याला जागा आहे. तो माझा. त्याला हात लावायचा नाही." त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन-अडीच वर्षांत तो कच्चा गडी सातव्या किल्ल्यापर्यंत पोचला, आणि राजाकडून रोज मार खाऊ लागला. खेळात एक धर्मशाळा होती, गडी तिथे मुक्कामाला गेला की तिथवरचा खेळ कॅसेटमध्ये नोंदला जाई. बंद करण्याआधी सायमन त्याला त्या धर्मशाळेतून बाहेर काढून किल्ल्याच्या पुलापर्यंत नेई, किल्ल्यासमोर उभा करी आणि पडद्याला म्हणे, "उद्या बघतो तुझ्याकडे." मी शेजारी बसून कुत्सित हसायचो. "थोडे किडे मारा, सायमनराव. कोणाला सांगणार नाय."

"मला कळेल ना."

निवृत्तीनंतर तो मुलीकडे, इस्राएलला कायमचा जायला निघाला. निघण्याआधी घरी देवाचे आभार मानायचा मालिदा केला, पोहे-खोबऱ्याचं ताट माझ्यासाठी आठवणीने बाजूला ठेवलं. घरातलं सामान त्याने मलाच विकलं. कपाट, फ्रिज, आणि तीच इस्त्री. त्या सकाळी आम्ही वैऱ्यासारखे भांडलो, त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. टेम्पो भरून झाल्यावर तो दारात म्हणाला, "माझ्या गड्याला तसाच ठेव. वाढवू नकोस."

"मी जिंकलो व्हतो हे आधी माना. मग बघू."

"मरेपर्यंत नाही मानणार."

माणूस शब्दाचा पक्का होता.

फोनवर रिबेका थोडी सावरल्यावर सांगत होती, तिचा मुलगा आता असलेच गेम खेळतो. गावाबाहेर रेंगाळत ताकद वाढवण्याला तिकडे नाव आहे म्हणे, पॉवर लेव्हलिंग. पण त्यांच्या घरात त्याला 'पनवेल' म्हणतात. नातू किडे मारत बसला की सायमन आतल्या खोलीतून ओरडायचा, "पनवेल बंद कर!" दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा ओरडला. पोराने पनवेल कधी पाहिलेलं नाही. रिबेकाला वाटलं, मला हे ऐकून हसू येईल. मला राग आला. समुद्रापलीकडे नेऊन त्याने माझं गाव या कामाला लावलं, आणि मला उत्तर द्यायची सोय ठेवली नाही... राग उतरला तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं त्या घरात रोज माझं नाव निघत होतं.

सेट अजून दुकानात आहे. विकत नाही. कॅसेटमध्ये लहानशी बॅटरी असते, ती जिवंत आहे तोवर दोन्ही गडी जिवंत. एखादी मोकळी दुपार, आणि सायमनच्या गड्याला मी काळ्या राजाच्या वरचढ करून ठेवला असता. इतक्या वर्षांत हात लावला नव्हता. गेल्या शनिवारी मात्र दुकानाबाहेर उभा राहिलो, चांदण्या दिसू दिल्या, आणि मग बटण दाबलं. धर्मशाळेत तो उभा होता, तितकाच कच्चा. त्याला पुलाकडे घेऊन निघालो. वाटेत एक किडा आडवा आला, अगदी साधा. एका फटक्याचं काम. फटका मारला असता तर गड्याच्या नावावर किंचितसे गुण चढले असते, सायमनने न मिळवलेले. धर्मशाळेत न परतता वीज बंद केली की ते पुसले जातात, मला माहीत आहे. तरी अंगठा अडला.

अजूनही सांगतो, ती चीटिंग नव्हती. पडद्यावर दोन्ही शब्द लुकलुकत होते. मी 'पळ' दाबलं.