साडूभाऊंचं आभाळ

वर बघायचं असेल तर जगातली सगळी माणसं व्हिडिओ गेमची दांडी पुढे ढकलतात. आमचे साडूभाऊ मागे ओढतात, आणि जगच चुकलंय असं शपथेवर सांगतात. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं क्रेन चालवली. तिथे दांडा मागे घेतला की माल वर, पुढे ढकलला की खाली. निवृत्तीनंतर मुलाने हेंद्रेपाड्यातल्या घरी गेम आणला, तेव्हा त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आधी नजरेची दिशा उलटी करून घेतली. "मान मागे टाकल्याशिवाय आभाळ दिसतं का हो?" असं वर मलाच विचारलं. एकदा उल्हासनगरला गेमचा कंट्रोलर दुरुस्त करून घेतला आणि दुकानातल्या टीव्हीवर चालवून पाहिला, तर सिंधी दुकानदारालाच सुनावलं, "साईं, पहले अपना मशीन ठीक करो, आसमान नीचे लगाया है!" तो म्हणाला, "चाचा, पूरा उल्हासनगर ऐसेच खेलता है." "तो पूरा उल्हासनगर बिगडा है," म्हणून हे बाहेर.

गेममध्ये किल्ल्यावरचे शत्रू बाणांनी टिपायचे असत. मी रोज दुपारी साडूभाऊंच्या घरी त्यांच्या उलट्या सेटिंगवर खेळायचो, जमिनीत बाण मारून रोज हरायचो, आणि ते माझ्या बायकोसमोर विचारायचे, "साडूभाऊ, मुंग्या मारताय का?"

आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनी याच गेमची ज्येष्ठांसाठी स्पर्धा होती. माझा डाव झाला. त्यांनी सेटिंग उलटी करून ठेवली आणि चहा प्यायला गेले. तेवढ्यात मी ती पुन्हा सरळ केली. पाच मिनिटं साडूभाऊंनी आभाळात आणि स्वतःच्या पायाशी बाण मारले. शत्रू तटावर निवांत उभे होते. सगळी सोसायटी हसली, सगळ्यात मोठ्याने मी. साडूभाऊंनी कंट्रोलर खाली ठेवला. "डोकं गेलं वाटतं माझं," एवढंच म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर विकायला काढली. गेमला परत हात लावला नाही. दूध आणायला निघाले तरी खिशात घरच्या पत्त्याची चिठ्ठी. अशी दोन वर्षं गेली.

मागच्या रविवारी तो डबा घेऊन गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मेहुणी कडाडली, "अहो, दोन वर्षं मी यांच्या शर्टात पत्ता घालतेय! आणि तुम्ही आमच्याकडे येऊन पुरणपोळ्या खाताय?"

साडूभाऊंनी खिशातली चिठ्ठी काढून डब्यात टाकली, झाकण लावलं. मग टीव्ही सुरू केला, सेटिंग उलटीच आहे ना ते तपासलं, मान मागे टाकली, दांडी ओढली. आभाळ आलं. बाण मात्र सोडेनात.

"मारा ना," मी म्हणालो.

"थांबा हो. बघू दे जरा."

बऱ्याच वेळाने त्यांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला, सेटिंग तशीच उलटी. मी सवयीने दांडी पुढे ढकलली, जमीन दिसली. तीच बघत बसलो. साडूभाऊ हसले नाहीत. माझ्या अंगठ्यावर त्यांनी आपला अंगठा ठेवला आणि दांडी हळूच मागे ओढली.