तिन्ही ठिकाणी सापडलेला नंबर

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण तांब्याच्या तारेचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. नावं मी कुणाचीच घेणार नाही.

होसकोट्याच्या औद्योगिक भागात आणि बेंगळुरूच्या आणखी दोन टोकांना, अशा तीन गोदामांतून एकाच महिन्यात तार चोरीला गेली. तिन्ही वेळा सुट्टीचा दिवस, भर दुपार. तिसऱ्या वेळी वॉचमनचं डोकं फुटलं, तो आयसीयूत गेला. मग मला वरून फोन सुरू झाले.

तेवढ्यात आमच्या एका जुन्या खबऱ्याने टीप दिली, "सर, माल टेम्पोतून गेला. ड्रायव्हर चामराजपेटेचा आहे."

त्या तिन्ही भागांत कुठले मोबाईल चालू होते, याचा डेटा मी मोबाईल कंपन्यांकडून मागवला होता. पूर्ण महिन्याचा. ढीगभर टेक्स्ट फाईली. एक्सेलमध्ये टाकल्या की कॉम्प्युटर मान टाकायचा. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. वडील शिलाई मशीन चालवायचे, मी बीएस्सी झालो आणि पन्नाशीनंतर ट्रेनिंगला जाऊन काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करायला शिकलो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. हेड कॉन्स्टेबल चिडवायचा, "सर, माऊस बिघडला काय? नवा मागवू?"

"माऊसने एकेक फाईल उघडत बस तू," मी म्हणायचो. "माझी एक ओळ सगळ्या फाईली चाळते."

चाळल्या. तिन्ही चोऱ्यांच्या वेळी तिन्ही ठिकाणी असलेला एकच नंबर निघाला. टेम्पो ड्रायव्हरचा. त्याला चौकशीला आणलं. एसीपी साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत अटक दाखवा."

माझ्या नेमप्लेटवरचं मराठी आडनाव वाचून ड्रायव्हर मराठीत सुरू झाला, "सर, तुम्ही तर आपलेच…"

"ठाण्यात कुणी आपला नसतो. तिन्ही ठिकाणी काय करत होतास?"

"रिकामे क्रेट उचलत होतो."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टी कंपनीला सर, मला कुठली? गेट मोकळं असतं म्हणून सुट्टीलाच बोलावतात. चोरी झाली नाही त्या सुट्ट्यांनापण गेलोय की! ते कुणी विचारतच नाही."

खोटं बोलणारा माणूस कारणं बदलत राहतो. हा एकाच कारणाला धरून चिडला होता. अशा माणसाचं म्हणणं तपासायचं, ही माझी पद्धत. महिन्यातल्या बाकीच्या सुट्ट्यांच्या फाईली आम्ही उघडल्याच नव्हत्या. त्यांच्यावर ग्रेप चालवला. ग्रेप म्हणजे हवी ती ओळ शोधून देणारी कमांड. ड्रायव्हर खरं बोलत होता. प्रत्येक सुट्टीला त्याचा नंबर होता.

मग मी प्रश्न बदलला. जो फक्त तिन्ही चोऱ्यांच्या वेळीच त्या भागांत आला, एरवी कधीच नाही, असा नंबर दाखव. उत्तर आलं, कुणीच नाही.

हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "ठीक आहे सर, म्हणजे चोर मोबाईल घरी ठेवून आला. ड्रायव्हरचेच कागद करू?"

"स्वल्प थांब," मी म्हणालो आणि प्रत्येक फाईलच्या पहिल्या काही ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचायला घेतल्या. तिथे गाठ सापडली. एका कंपनीने पहिल्या दोन चोऱ्यांच्या फाईलींत साधे नंबर पाठवले होते आणि तिसरीच्या फाईलीत प्रत्येक नंबरापुढे देशाचा कोड लावला होता; ड्रायव्हरचा नंबर दुसऱ्या कंपनीचा, म्हणून तो तेवढा जुळला होता. माणूस तोच, पण मशीनच्या लेखी दोन वेगळे. सगळ्या नंबरांचे शेवटचे दहा आकडे तेवढे ठेवले आणि तीच कमांड पुन्हा दिली.

एक नंबर आला. कुणाचा ते बघायला मी तो माझ्या मोबाईलवर टाईप केला, तर खाली सेव्ह केलेलं नाव आलं. आमच्या खबऱ्याचं.

त्याला बोलावून चहा दिला. "टीप चांगली होती. तू कुठे होतास तेव्हा?"

"घरीच सर. तिन्ही वेळा."

"मोबाईल दुसऱ्या कुणाकडे असतो का कधी?"

"छे! बायकोलापण हात लावू देत नाही मी."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याचा चहा तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत त्याने दोन साथीदार आणि तार पुरलेली जागा दाखवली. शुद्धीवर आल्यावर वॉचमननेही तिघांना ओळखलं.

ड्रायव्हरला "जा घरी" म्हटलं, तर तो हलेना. "गल्लीत काय सांगू सर? सगळ्यांसमोर उचलून आणलंत. पोरीचं लग्न ठरतंय."

मी त्याला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवलं. चामराजपेटेत त्याच्या दारासमोर उतरलो आणि जमलेल्या लोकांना कन्नडमध्ये आणि मराठीत मोठ्याने सांगितलं, "याने काही केलेलं नाही. याच्या बोलण्यामुळेच खरे चोर सापडले." त्याची बायको दारातून म्हणाली, "अण्णा, ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ऐकू गेलं नसेल, परत एकदा सांगा." मी परत सांगितलं.

त्यानंतर कुठल्याही संशयिताला चोरीच्या दिवसाबद्दल विचारण्याआधी मी त्याच्या रोजच्या दिवसाबद्दल विचारू लागलो. आणि निर्दोष माणूस सोडायचा, तर ठाण्याच्या पायरीवर नाही, त्याच्या दारात सोडायचा.