गिरणीच्या भिंतीतला पिंपळ

हे तुमच्या बाबाला ठाऊक नाही. गावात कोणाला नाही. देवासमोर बसते तेव्हासुद्धा मी हे कधी पुरत्या वाक्यात म्हटलेलं नाही — अर्ध्यावर आलं की उदबत्ती सरळ करायला उठते. अनुजा, निहार, तुम्हाला सांगते आहे. तेही आता, कारण अनुजाने चौथा प्रश्न विचारला.

निहार, तुला कदाचित माहीत नसेल. तुझी बहीण तिच्या मेलबर्नच्या कॉलेजसाठी प्रदर्शन आखते आहे — माणसांनी बांधलं आणि मग झाडावेलींनी ताब्यात घेतलं, असं काहीतरी. आणि त्यासाठी तिला जागा कुठली सापडावी? डिचोलीतल्या आमच्या घरामागची पडकी गिरण! गेल्या डिसेंबरात दोन दिवस ती तिथे बसून चित्रं काढत होती. मी तिला चहा नेऊन देत होते. तेव्हा बोलले का? नाही. "ऊन लागेल, टोपी घाल," एवढंच म्हणाले.

आता तिने आराखडा पाठवला आहे. नीट आखलेला, समास सोडलेला — ते माझ्याकडून आलं असावं. पातळ सुती कापडांवर पिंपळाच्या मुळांचे ठसे घ्यायचे, ती छतापासून टांगायची, बघणाऱ्याने त्यांतून वाट काढत आत शिरायचं. वर नाव लिहिलंय: 'निसर्गाने परत घेतलं'. खाली आजीसाठी सहा प्रश्न. इमारत कसली होती, चिरे कुठले, लांबी-रुंदी किती — ही उत्तरं मी टेप घेऊन, मोजून, लिहून काढली. चौथा प्रश्न: झाड तिथे कसं आलं?

अनुजा, ते नाव वाचून मला राग आला. तो तुझ्यावरचा नव्हता, तरी तुला लागला तर लागू दे. निसर्ग काही परत घेत नाही, बाई. त्याला कोणाची भिंत आणि कोणाचं पोट, काही कळत नाही. घेतात ती माणसं.

हे इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. दोन पानं झाली. वाचली, फाडली. इंग्रजीत माझी वाक्यं फार नीट बसतात. म्हणून मराठी — तुम्हाला ती वाचता येत नाही, म्हणजे हे बाबालाच तुम्हाला वाचून दाखवावं लागणार, आणि त्यालाही कळणार. कळू दे.

ती गिरण शेवंतीची. तुमच्या आजोबांच्या चुलतभावाची बायको, माझी जाऊ. लवकर विधवा झाली आणि नवऱ्याची बंद पडलेली पिठाची गिरण तिने स्वतः चालू केली. गिरणीची मागची भिंत आमच्या स्वयंपाकघराच्या जनेलापासून, म्हणजे खिडकीपासून, चार हातांवर. मी शाळेतून येऊन वह्या तपासायला बसले की तिकडे पट्टा फिरायला लागायचा. वाळत घातलेल्या साड्यांवर पीठ. पुस्तकांवर पीठ. आणि त्या आवाजापेक्षा वर चढलेलं बायकांचं हसणं. तुमचा बाबा तर तिथेच पडीक असायचा; गरम पिठात हात घालायला त्याला आवडायचं. माझ्याकडे कधी इतका वेळ बसला का?

तुमचे आजोबा गेले तेव्हा मी लोकांत रडले नाही. आलेल्यांना पाणी दिलं, कागदपत्रं काढून ठेवली, तेराव्याची यादी केली. महिन्याभराने नाचणी दळायला घेऊन गेले, तर दारातच आतलं ऐकू आलं. शेवंती सांगत होती, "आमची टीचर? ती रडतली, तीय इस्त्री करून!" सगळी गिरण हसली. मी आत गेले. शेवंतीने काही न झाल्यासारखा माझा डबा घेतला आणि म्हणाली, "बारीक दळू, टीचर?"

हे कारण म्हणून सांगत नाही. टोमणे गावात सगळ्यांना बसतात, सगळे काही भिंती पाडत नाहीत.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर गिरणीच्या त्या मागच्या भिंतीत, दोन चिऱ्यांच्या सांध्यात, पिंपळ उगवला. पाखराने बी टाकलं असणार. दोन पानं, तांबूस, नखाएवढी. शेवंतीला ती भिंत दिसत नव्हती. मला दिवसभर तीच दिसायची. असं रोप दोन बोटांनी उपटायचं असतं, आणि लगेच — हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. मी उपटलं नाही. इथवर म्हणाल तर आळस. पण फाल्गुनात पानं माना टाकायला लागली तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी मी मोरीत ओतायचं सोडून तिथे नेऊन ओतू लागले. रोज. शाळेत जाण्याआधी. ह्याला काय म्हणाल?

वर्षभराने शेवंतीला ते दिसलं. कोयता घेऊन आली आणि छाटून गेली. मूळ आत राहिलं. पुन्हा फुटलं. तिने पुन्हा छाटलं असतं — ती आळशी नव्हती, हे मला कबूल केलं पाहिजे.

तेव्हा मी जे केलं ते हे. एका गुरुवारी पहाटे मी त्या रोपाच्या बुंध्याशी, चिऱ्यावर, कुंकवाचं बोट ओढलं. एक जास्वंद ठेवली. पणती लावली. चार दिवस. पाचव्या दिवशी मी गेलेच नाही — गरजच पडली नाही. दुसऱ्या कोणीतरी फूल ठेवलं होतं.

तुम्हाला ह्यातलं काही कळेल की नाही, म्हणून सांगते. पिंपळाला एकदा दिवा लागला की तो पिंपळ राहत नाही. तिथे गावाची राखण करणारा देवचार येऊन बसला असं लोक मानतात. मग त्याला कोयता लावायचा नाही. आणि पहिला दिवा कोणी लावला हे विचारायचंही नाही. दृष्टान्त कोणाला झाला, हे कोण विचारतो? प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला झाला. मी वर्गात मुलांना सांगायचे की देवचार-बिवचार काही नसतं. मी स्वतः मानत नव्हते, आजही मानत नाही. म्हणून तर मला ते इतकं सोपं गेलं. मानणारी बाई घाबरली असती.

शेवंती मानायची. दळायला येणाऱ्या बायका आधी मागे जाऊन फूल ठेवू लागल्या, तशी तीही ठेवू लागली. आपल्याच भिंतीला नमस्कार करायची. मी जनेलातून बघायचे.

झाडाला घाई नसते. तुमचा बाबा बारावी झाला, पुण्याला शिकायला गेला, नोकरीला लागला. तेवढ्यात मूळ मनगटाएवढं झालं. भिंतीला पोट आलं. गिरण चालू झाली की ती भिंत थरथरायची आणि फट वाढायची. शेवटी झाड काढून भिंत नीट करायला शेवंतीने बेळगावकडचे गवंडी आणले. मोठा गवंडी मागे आला, कुंकू पाहिलं आणि चप्पल काढून उभा राहिला. "न्हाई बाई. दिवा लागतोय हितं. आमाला पोरंबाळं हाईत." गावातल्यांनी आधीच नाही म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. अंगावर पीठ, तशीच. पण पायरीच्या वर चढली नाही. म्हणाली, "टीचर, तुमी शिकल्यासवरलेल्या. तुमी सांगल्यार आयकतले ते. सांगा, असलां काय नसतां म्हणून. तुमचो शब्द कोण मोडचो नाय." मग पिठाचे हात पदराला पुसत, "माझ्याकडे दुसरां काय आसा, टीचर?"

मी खरंच सांगू शकले असते. तिच्यासारखं नव्हे, तुमच्या आजीसारखं — पदर नीट करून, गवंड्यांसमोर उभं राहून, की पहिला दिवा मीच लावला होता, हा माझा खोटेपणा. किंवा एवढंही नको. मुख्याध्यापिका होते, नुसतं 'कापा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "लोकांच्या श्रद्धेत मी पडत नाही, शेवंती."

किती सभ्य वाक्य आहे ना? इस्त्री केलेलं.

ती "बरां" म्हणाली आणि गेली.

आषाढात भिंत आत कोसळली, दुपारी, ती जेवायला घरात गेलेली असताना. गिरणीच्या चाकावर चिरे पडले, छपराचे नळे, म्हणजे कौलं, खाली आली. ज्या झाडाने भिंत पाडली ते उभंच. गणपती झाल्यावर तिची मुलगी येऊन तिला वास्कोला घेऊन गेली. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात पीठ पोचवणारी बाई, मुलीच्या सासरी बसून पिशवीतलं पीठ मळू लागली. निघताना ती माझ्या दारात थांबली. मला वाटलं, हिला कळलंय. आता बोलणार. मी वाट बघत उभी राहिले — खरं सांगते, मला हवं होतं ते. ती म्हणाली, "टीचर, थंय दिवो लायत जा. तुमच्या दारातच आसा. माजी राखण तुमच्याकडे."

टोमणा होता का तो? इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. पुढे ती वारल्याचं कळलं तेव्हा मी वास्कोला गेले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा तेव्हा ठीक होता.

आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आता माया दाटून आली आहे, असं समजू नका. मला शेवंती आजही आवडत नाही. ते हसणं अजून ऐकू येतं.

दिवा मात्र मी लावते. रोज, तिन्हीसांजेला. बंद केला असता तर लोकांनी विचारलं असतं. अनुजा, तुझ्या आराखड्यातल्या तिसऱ्या फोटोत ती पणती आहे आणि खाली तू लिहिलंयस: 'निसर्गापुढे नम्र झालेलं गाव'. त्या पणतीत तेल मी घातलं होतं, तुला चहा देऊन परत येताना.

प्रश्न चौथा. झाड तिथे कसं आलं? — पाखराने आणलं. वाढवलं मी.

बुंध्याचा घेर, मुळांची लांबी आणि पडलेल्या भिंतीचं माप दुसऱ्या पानावर लिहिलं आहे. टेप लावून दोनदा मोजलं आहे, चूक नाही.