बोथट चाकूचा तपास

शंका घेण्याचा मला पगार मिळत असे. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या लहान वर्कशॉपांमधून सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे आणि मुलीचा बाप स्थळाकडे पाहतो तसा मी त्यांच्याकडे पाहायचो. माल निर्दोष निघाला की मला आतून हळहळ वाटायची. पीण्यातले मालक माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगतो, ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या.

अशा माणसाला बोथट चाकू विकणं सोपं नाही. एका माणसाने मात्र ते अर्ध्या तासात करून दाखवलं, तेही मला खूश करून.

पण आधी आईबद्दल सांगायला हवं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती साताऱ्याहून आमच्याकडे कायमची राहायला आली, ती स्वतःची विळी गोणपाटात गुंडाळून घेऊनच. वर्षभरात तिचे गुडघे गेले. खाली बसलं तर उठवायला दोन माणसं लागायची, आणि विळी तर जमिनीवर बसून, पाटावर पाय रोवूनच चालवायची वस्तू. विळी ओट्याखाली गेली. मग सकाळी बँकेत जायच्या घाईत माझी बायको कशीबशी भाजी चिरायची आणि आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून पाहायची. चाळीस वर्षं जिने घरातली एक भेंडी दुसऱ्याला चिरू दिली नव्हती, तिने ते ओबडधोबड तुकडे मुकाट पाहायचे! एक दिवस ती म्हणाली, "मी इथे पाहुणी झाले रे. यंदाचे कोहळ्याचे सांडगे घालते आणि जाते. साताऱ्याचं तिकीट काढून ठेव."

साताऱ्यात आता आमचं कोणी नव्हतं. कुलूप लावलेल्या दोन खोल्या होत्या आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना होता.

"तुला टेबलाशी बसून चिरता येईल असा चाकू आणतो," मी म्हणालो. "मग बघू तिकिटाचं."

"चाकूने फळं कापतात," आई म्हणाली.

"अगं, असा आणतो की विळीला विसरशील."

"बघू," ती म्हणाली. पीण्याच्या मालाला मी जसं 'बघू' म्हणायचो, अगदी तसंच. तपासणी खातं माझ्याकडे कुठून आलं, हे वेगळं सांगायला नको.

चामराजपेटेत, मार्केटच्या अलीकडच्या एका गल्लीत, एक माणूस भात्याशेजारी बसून कोयते, विळे, चाकू विकायचा. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो, एक पातं उचललं, कपाळाला आठी घातली आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये चौकशी सुरू केली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मराठी काय हो अण्णा तुमी?"

संपलं. तिथेच माझं तपासणी खातं बंद झालं. ज्याने परमुलखात वर्षानुवर्षं रिक्षावाल्याशी, दूधवाल्याशी, साहेबाशी उसन्या भाषांत संसार केला आहे, त्यालाच कळेल. भर बाजारात घरातली भाषा कानावर पडली की माणसाचे सगळे खिसे आपोआप उघडतात.

"आमी हितलेच, पिढ्यान्‌पिढ्या," तो सांगू लागला. "आमचे थोरले फौजेबरोबर आले. तलवारी करायचे. आता तलवार कोण घेतंय अण्णा? म्हणून चाकू."

"पोलाद कुठलं?" मी उगाच आवाज जड करून विचारलं.

"लॉरीच्या स्प्रिंगचं पाटं हाय. लॉरी केवढं ओझं घेऊन खड्ड्यातनं जाते, तवा ते वाकत नाही. तुमच्या कांद्याला वाकंल काय?"

हा युक्तिवाद पीण्याच्या एखाद्या मालकाने केला असता, तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. इथे मी मान डोलावली. त्याने पातं दगडावर टिचकावलं. खण्ण असा आवाज आला. त्याने वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सर्रकन चिरला आणि शेवटी स्वतःच्या मनगटावरचे चार केस भादरून दाखवले. मी टाळ्या वाजवायचा बाकी होतो.

"हातानं घडवलेलं हाय, मशीनचं नाही," तो म्हणाला. "अक्कांना सांगा, स्वल्प तेल लावून ठेवायचं. सरी?"

"सरी," मीही कानडीत होकार दिला आणि एकाच्या जागी तीन चाकू घेऊन आलो.

पहिले दोन दिवस घरात दिवाळी होती. आई टेबलाशी बसली, तिने कांदा चिरला, गवार निवडली, बटाट्याच्या काचऱ्या केल्या. तिसऱ्या दिवशी टोमॅटो आडवा आला. वरून चाकू दाबला की तो आधी खाली बसायचा आणि मग फुटायचा. कोथिंबीर चिरली जाण्याऐवजी चिरडली जाऊन काळी पडू लागली. कैरीच्या फोडींना लोखंडाचा वास यायला लागला. आठवड्याने मुठीतून खुळखुळ असा आवाज येऊ लागला.

चाकू वाईट असेल अशी शंका मला आली का? छे! चाकू हातानं घडवलेला होता, मराठीत विकला गेला होता आणि मी पारखून आणला होता. मग गुन्हेगार घरातच असणार. मी बायकोवर नजर ठेवली. डब्याची झाकणं ती नक्की याच चाकूने उचकटत असणार. भांडीवाली बाई खरकटं खरवडत असणार. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई पूर्वी एकदा किसणी मागायला आल्या होत्या, त्यांचंही नाव मी यादीत घातलं. कारखान्यातला जुना डाव वापरून मी चाकू फडताळात ठेवताना खाली पेन्सिलीने बारीक खूण करायचो. संध्याकाळी खूण सरकलेली असली की विचारायचो, "आज चाकूला कोणी हात लावला?"

"मी लावला," बायको म्हणायची. "पुसून ठेवायला. मला अटक करणार का?"

"कशाने पुसलास?"

"साक्षीपुराव्याने," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मग तिच्याच सांगण्यावरून मी चामराजपेटेत जाब विचारायला गेलो. वाटेत बसमध्ये भांडणाची उजळणी केली. त्याने मला पाहताच चहा मागवला, तिन्ही चाकू दगडावर घासून दिले, साताऱ्याचा पाऊस कसा असतो ते विचारलं. मी घरी परतलो तेव्हा माझ्या पिशवीत तीन धार लावलेले चाकू होते आणि शिवाय एक अडकित्ता. आमच्याकडे सुपारी कोणीच खात नाही. बायकोने अडकित्ता हातात घेऊन उघडला, मिटला आणि तिन्ही चाकूंशेजारी मांडून ठेवला.

धार पुन्हा दोन दिवस टिकली.

आणि मग एका दुपारी, मी आत झोपलोय असं समजून, आई सुनेला हळू आवाजात म्हणाली ते मी ऐकलं.

"मला कळतं ग सगळं. त्याने मुद्दाम बोथट आणलाय."

"मुद्दाम कशाला आणतील, आई?"

"म्हातारीने बोट कापून घेऊ नये म्हणून. लहान पोराला खेळायला लाकडी चाकू देतात ना, तसं. दोन दिवस धार लावून आणतो, मला बरं वाटावं म्हणून. मी काही बोलत नाही. तिकीट तेवढं आठवणीने काढायला सांग."

मी छताकडे बघत पडून राहिलो. घरातल्या प्रत्येकावर मी संशय घेतला होता. माझ्यावर कोणी घेतला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आईचा संशय माझ्या संशयापेक्षा किती सरस होता! त्यात हेतू होता, पुरावा होता, वेळापत्रकसुद्धा होतं.

सांडग्यांचा दिवस आला. टेबलावर कोहळा आणून ठेवला, पांढुरक्या सालीचा, थोरला. आता आमच्याकडे कोहळा बायका फोडत नाहीत. पहिला घाव घरातल्या पुरुषाने घालायचा, मग पुढे हवं तसं चिरायला त्या मोकळ्या. का, ते विचारायचं नाही. आजवर हे काम मी विळीवर, नाहीतर खालून मागून आणलेल्या कोयत्याने केलं होतं. या खेपेला मी तिन्हींतला मोठा चाकू हातात घेतला. आईला दाखवायचंच होतं मला.

"बघ आता, आई," मी म्हणालो, बाह्या सरसावल्या आणि रंगमंचावर असल्यासारखा हात वर नेऊन घाव घातला.

पातं दोन बोटं आत गेलं आणि थांबलं. मी दाबलं. ते कमानीसारखं वाकलं. मी ओढलं, आणि मूठ माझ्या हातात आली. पातं कोहळ्यातच राहिलं, जरासं डावीकडे कलून. बायको साडीच्या पदराने तोंड दाबून ओट्याकडे वळली.

"लॉरीचं पोलाद म्हणाला होतास ना?" आईने विचारलं.

या वेळी यादीत घालायला दुसरं नावच नव्हतं. भांडीवाली आली नव्हती, शेजारीण गावाला गेली होती. चाकू माझ्याच हातात होता. म्हणजे मूठ होती.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन चाकू रुमालात गुंडाळून मी कारखान्यात नेले. पोलाद किती कठीण आहे ते मोजायचं यंत्र माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होतं. दोन महिने मी त्याच्यासमोरून डबा घेऊन जेवायला जात होतो. जेवणाच्या सुट्टीत आमच्या फोरमनने, एका कानडी गृहस्थाने, चाकू यंत्राखाली धरला. काटा बघून त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एन सार इदु?" तो म्हणाला. म्हणजे, हे काय आहे साहेब? "टोकाला बरा आहे. मधे अगदी मऊ. मुठीपाशी तर चमचा आहे."

"हातानं घडवलेला आहे," मी क्षीणपणे म्हणालो.

"हाताचा काय दोष? तापवून पाणी नीट दिलं नाही. कुठे बसलं, कुठे बसलंच नाही. धार लावली की दोन दिवस राहणार, मग मुडपणार." मग त्याने माझ्याकडे बारकाईने पाहिलं. "तुम्ही तपासून घेतला नाही, सार? तुम्ही?"

त्याच्या त्या दुसऱ्या 'तुम्ही'ने माझं जे केलं ते कोहळ्यानेही केलं नव्हतं.

संध्याकाळी तोच मला हत्यारांच्या एका जुन्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार एक अक्षर जास्त बोलला नाही. मी पोलादाबद्दल विचारलं, पाणी कसं दिलंय विचारलं, मूठ तीन ठिकाणी ओढून पाहिली, पातं डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं. त्याने जांभई दिली आणि म्हणाला, "बेकादरे तगोळ्ळी." हवा असेल तर घ्या. ना तलवारी, ना फौज, ना चहा. मला त्या माणसाचा फार राग आला आणि त्याच रागाच्या भरात मी चाकू विकत घेतला. घरी न नेता आधी कारखान्यात नेला. टोकापासून मुठीपर्यंत काटा एकाच जागी उभा राहिला. मी चार वेळा मोजलं. दोष सापडेना आणि आयुष्यात पहिल्यांदा मला हळहळ वाटली नाही.

तो चाकू मी आईसमोर टेबलावर ठेवला आणि काहीच बोललो नाही. भाषण करण्याची माझी सवय तिला माहीत होती, त्यामुळे माझ्या गप्प राहण्याचाच तिला जास्त संशय आला. तिने तो उलटासुलटा पाहिला, हातात तोलला.

"हा पण तसलाच?" तिने विचारलं.

"बघ," मी म्हणालो.

तिने टोमॅटो घेतला. चाकू टेकवला मात्र, आणि टोमॅटो पापुद्र्यासारखा उलगडत गेला. तिने दुसरा घेतला. मग कोथिंबिरीची जुडी ओढली आणि ती पूर्वीच्या वेगाने चिरू लागली, खाली न बघता, माझ्याकडे रोखून बघत. माझ्या चेहऱ्यावर ती काहीतरी शोधत होती. आणि मग एकदम "स्स" असा आवाज आला. डाव्या हाताच्या बोटावर बारीक लाल रेघ उमटली आणि भराभर मोठी झाली.

बायको हळद आणायला धावली. मी खुर्चीवरून उठलो. आईने मात्र बोट उजेडात धरलं आणि असं न्याहाळलं, जणू बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागला होता. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"कापतो रे!" ती म्हणाली. "खरंच कापतो."

"आई, थांब, पट्टी बांधू."

"बांधा नंतर. ते तिकीट राहू दे सध्या. आणि उद्यापासून भाजीला हिला हात लावू देऊ नकोस, दोडक्याची पार वाट लावते."

"ऐकलं मी," बायको हळदीचा डबा घेऊन येत म्हणाली.

आई त्यानंतर आमच्याकडे चौदा वर्षं राहिली आणि त्या चौदा वर्षांत त्या चाकूने तिला पुन्हा एकदाही कापलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात एक शंका आहे. चाळीस वर्षं विळीवर डोळे मिटून भाजी चिरणाऱ्या बाईचं बोट त्या दिवशी चुकून कापलं गेलं, हे मला पटत नाही. तिला खात्री करून घ्यायची होती. मी तिला विचारलंही होतं एकदा, सरळ तोंडावर.

"काहीतरीच तुझं," ती म्हणाली आणि पुढची भेंडी ओढली.