घाटात लावलेला हीटर

ईशा आणि रोहन, आजोबांची जीप भंगारात गेली का, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर बोलणं अर्धंच होतं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते.

जीप तिसगावला तुमच्या दत्ताआजोबांच्या शेतावर होती. ते माझे धाकटे दीर. “वहिनी, इंजिन गेलंय, भंगारवाला बोलावतो,” असा त्यांचा फोन आला आणि मी भिंगारहून सकाळची एसटी धरली. करंजी घाट उतरल्यावर डोंगर मागे पडतात आणि कपाशीची, तुरीची शेतं सुरू होतात.

दुपारी जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, तिखट रश्शात शिजवलेल्या) होते. तेव्हा कळलं, की भाऊजींनी जीपचा थर्मोस्टॅट कधीच काढून टाकला होता. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही लहानशी झडप.

“आमच्याकडं समदेच काढत्यात. इंजिन थंड ऱ्हातं.”

“म्हणूनच धूर ओकतंय, भाऊजी.”

आजोबा सांगत, डिझेल इंजिन ऐंशी-नव्वद अंशांवर नीट चालतं. गार राहिलं तर डिझेल पुरतं जळत नाही.

“बरं, बसवा नवी. घाट चढली तर न्या भिंगारला. न्हाई चढली, तर तिथूनच भंगारवाल्याला फोन लावतो.”

गावातल्या मेकॅनिकने झडप बसवली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, गाडी भाऊजी चालवत होते. धूर जवळजवळ थांबला होता, पण तापमानाचा काटा मध्यावर आला.

“वहिनी, तापली!”

“त्याची जागाच ती आहे. चला.”

घाटात उसाची ट्रॉली पुढे आली. तिच्यामागे रांगत जाताना काटा मध्य ओलांडून लाल पट्टीकडे सरकू लागला. आता मलाही खात्री वाटेना. भाऊजींनी गाडी कडेला घेतली आणि पाण्याचा कॅन उचलला.

“गार पाणी नको. इंजिनही बंद करू नका,” म्हणत मी हीटर पूर्ण सोडला. नगरच्या उन्हात हीटर कशाला, म्हणून तुम्ही हसला होतात, तोच. तो इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. पाय भाजत होते, दोघंही घामाने निथळत होतो.

एक मोटारसायकलवाला थांबला. “काय आजी, थंडी वाजती का?”

“लई! शेगडी पेटवलीय, ये शेकायला,” भाऊजी म्हणाले.

तो हसत गेला. काटा हळूहळू मध्यावर उतरला. पुढचा घाट आम्ही हीटर लावूनच चढलो. वर चहाच्या टपरीवर भाऊजींनी इंजिन चालू ठेवलं आणि ग्लास हातात घेऊन तीनदा काटा बघून आले. फोन खिशातच राहिला.

भिंगारला त्यांना एसटीत बसवताना ते खिडकीतून म्हणाले, “ट्रॅक्टरचीबी काढलीय मी. बसवून घेतो.”

जीप आता दारात उभी आहे. रंग उडालाय, रेडिओ बंद आहे. इंजिन चालतं, आणि हीटरही.